नारूला हरवणारी नळी

गेले काही दिवस मी भेटेल त्याला नारूबद्दल सांगत सुटले आहे! १९८६ साली आफ्रिका आणि आशियातल्या वीसेक देशांत मिळून या रोगाचे वर्षाला अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये साऱ्या जगात किती उरले? १४! आणि नारूवर लस नाही, गुण येईल असं औषधही नाही. मग हे झालं तरी कसं, ते वाचायला बसले आणि रात्र कधी सरली कळलंच नाही.

नारू होतो तळ्याचं पाणी न गाळता प्यायल्याने. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या इवल्याशा जीवाच्या अंगात नारूची अळी असते, ती पोटात जाते आणि वर्षभर काही जाणवत नाही. मग एक दिवस बहुधा पायावर फोड येतो, आगआग होते आणि त्यातून शेवईसारखा, मीटरभर लांब जंत बाहेर यायला लागतो. काडीवर गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा. त्यात आठवडे जातात. आग शमावी म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो, की मादी तिथंच अळ्या सोडते आणि गावाचं तळं पुन्हा नासतं. ऐन पेरणी-कापणीत घरातली कर्ती माणसं आडवी.

म्हणजे करायचं एवढंच: पाणी गाळून प्यायचं, आणि फोड आलेल्याने तळ्यात उतरायचं नाही. पण जिथं पिढ्यान् पिढ्या हा जंत शापाने येतो असं मानलं गेलं, तिथं हे पटवणार कोण? गावातल्याच माणसांनी पटवलं! तळ्याचं पाणी घेऊन त्यातले वळवळणारे जीव भिंगाखाली दाखवले. घानात रेडक्रॉसच्या स्वयंसेविका घरोघरी जाऊन गाळणीचं कापड फाटलंय का, हे बघायच्या. नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख याकुबू गोवॉन स्वतः खेडोपाडी फिरले. आणि ती नळी! गुरांमागे फिरणाऱ्यांनी गळ्यात अडकवायची, आत बारीक जाळी. तहान लागली की तळ्याकाठी बसून तिने पाणी ओढून प्यायचं. इतकं साधं, इतकं नेमकं काही मी क्वचितच पाहिलं आहे.

१९९५ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सुदानमधल्या लढणाऱ्या पक्षांना युद्ध थांबवायला राजी केलं. जवळजवळ सहा महिने बंदुका शांत राहिल्या आणि आरोग्य कार्यकर्ते एरवी जिथं पाऊल ठेवता येत नव्हतं अशा गावांत पोचले. एका जंतापायी युद्धविराम! पुढे दक्षिण सुदानात २००६ साली वीस हजारांवर रुग्ण सापडले होते. आता तिथं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडतात.

आपल्याकडेही, महाराष्ट्रासह अनेक राज्यांत, पायऱ्यांच्या विहिरींतून नारू पसरायचा. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. घरातल्या वयस्करांना विचारून बघा, अनेकांना तो आठवत असेल.

आता उरलाय तो चिवट शेवट. चाडमध्ये कुत्र्यांनाही नारू होतो असं लक्षात आलं. म्हणून कुत्र्यांनी खाऊ नयेत यासाठी तिथले गावकरी माशांची आतडी पुरून टाकतात, नारू झालेली कुत्री बांधून ठेवतात, आणि नारूची खबर देणाऱ्याला रोख बक्षीस मिळतं. माणसांत जे काम झालं तेच आता कुत्र्यांसाठी चाललंय, पुन्हा गावोगाव, पुन्हा घरोघरी!