लोखंडाचे माप आणि लाकडाचे माप

लोखंडावर हयात घालविलेल्या माणसाने उतारवयात सुतारकामास हात घातला, म्हणजे त्याच्या वाट्यास प्रथम येतो तो वैताग. आम्ही त्याच पंथातले. लेथ, कानस आणि मायक्रोमीटर यांच्या सहवासात मुरलेल्या आमच्या हातांस मिलिमीटरचा शंभरावा भागदेखील मोजण्याजोगा वाटतो. पोलादाचा दांडा आज कातून ठेवावा आणि सहा महिन्यांनी मोजावा. माप जसेच्या तसे! नकाशावरील आकडा आणि हातातील वस्तू यांत द्वैत म्हणून राहत नाही. सागाच्या फळीशी गाठ पडताच हे अद्वैत प्रथम सुटते.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात, जो १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा झाला, लाकडाची परंपरा जुनी आहे. नवेगाव आणि नागझिरा येथील रानांत साग, ऐन, बीजा हे वृक्ष उभे आहेत. परंतु येथील हवा लाकडाची परीक्षा पाहते. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर चढतो, तेव्हा फळी कडकडीत वाळते; आषाढात धानाच्या बांध्या तुडुंब भरल्या आणि भिंतींस ओल आली, की तीच फळी हवेतील पाणी पिऊन फुगते. एक फूट रुंदीच्या पोलादी पट्टीस ३० अंशांच्या फरकाने मिलिमीटरच्या दशांशाएवढीच वाढ होते. तेवढ्याच रुंदीची सागाची फळी मात्र उन्हाळा आणि पावसाळा यांच्या दरम्यान दोन-तीन मिलिमीटर सहज हलते. सागाची ही कथा. इतर पुष्कळ लाकडे तर याहूनही चंचल!

बरे, ही हालचाल सर्व बाजूंनी सारखी असती, तरी गणित मांडता आले असते. फळी लांबीत जवळजवळ हलतच नाही. रुंदीत हलते, आणि तीही खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने जेवढी, त्याच्या सुमारे निम्मीच गाभ्याकडून सालीकडे. म्हणून ओल्या लाकडाचा गोल वाळला की लांबट होतो आणि चौरस तिरपा होतो. रंधा एका दिशेने मारावा तर पृष्ठभाग आरशासारखा निघतो. उलट दिशेने मारावा तर ढलप्या उखडतात. पटाशी रेघेवर ठेवली तरी शिरेच्या मागे धावते. धातूमध्ये असला पक्षपात आम्ही कधी पाहिला नव्हता.

शेजारच्या गावातील एका वृद्ध सुतारापाशी आम्ही ही तक्रार मांडली. तो हसून म्हणाला, “बापूजी, लाकूड तोडलं तरी पानी पेते न! त्याले जागा ठेवा लागते.” एवढ्या एका वाक्यात त्याचे सारे शास्त्र होते. दाराच्या चौकटीत बसविलेली फळी तो खाचेत मोकळी सोडतो. तिला सरस लावीत नाही. उन्हाळ्यात केलेल्या खणास तो अधिक फट ठेवतो, पावसाळ्यात केलेल्यास कमी. पट्टी त्याच्या हातात क्वचितच दिसते; एक तुकडा दुसऱ्याशी भिडवून तो खूण करतो. आपण सुशिक्षित माणसे अशा कामास ‘अंदाजपंचे’ म्हणून मोकळे होतो. विचार केला असता दिसते की, जी वस्तू स्वतःच बदलते तिच्यावर शंभराव्या भागाचे माप लादणे ही अचूकता नव्हे. ती किती बदलेल हे आधी ओळखणे, हीच तेथली अचूकता.

बैलबंडीच्या चाकात या दोन्ही विद्यांचा संगम दिसतो. लाकडी चाक सुताराने जुळवावे. त्याच्या घेराहून किंचित लहान अशी लोखंडी धाव लोहाराने तापवून फुगवावी, चाकावर चढवावी आणि लगेच पाणी ओतावे. धाव आवळते आणि सगळे सांधे घट्ट बसतात. पुढे वैशाखात लाकूड आटून धाव सैल झाली, की शेतकरी चाक तळ्याच्या पाण्यात टाकून ठेवतो. लोखंड उष्णतेने हलते, लाकूड ओलाव्याने. दोघांचे स्वभाव ओळखूनच ही युक्ती सिद्ध झाली.

त्या सुताराचा मुलगा आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकत आहे. त्यात वाईट काही नाही. आमचाही जन्म त्याच धंद्यात गेला. परंतु बापाच्या बोटांतील विद्या कोणत्याही पुस्तकात नाही आणि त्याच्यानंतर ती या गावात राहणार नाही, ही गोष्ट मनास लागून राहते. म्हणून हल्ली आम्ही त्याच्याकडे वही घेऊन बसतो. कोणते लाकूड, कोणता महिना, किती रुंदीस किती सूत फट, असे त्याच्याकडून विचारून टिपून ठेवतो. आकड्यांची आमची जन्माची सवय एवढ्या कामी आली, तरी पुष्कळ झाले.