सहाण आणि हळकुंड

हिंगोलीच्या मोंढ्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या कपड्यांतून हळदीचा वास कधी जात नाही. आमच्या अण्णांनी चाळीस वर्षे अडत सांभाळली आणि पंच्याहत्तरीनंतर गादी माझ्या हाती दिली. व्यवहार सुटला, पण मन सुटले नाही. दिवस मावळला की त्यांच्या येरझारा सुरू होत. रात्री दोनला उठून जुन्या उधारीचे आकडे पुटपुटत बसत. सूर्यास्तानंतर चारही आहारांचा त्याग असल्यामुळे कोमट दूध, काढा, झोपेची गोळी हे सारेच उपाय बाद.

पुण्याहून नातीने लव्हेंडरच्या तेलाची कुपी आणली. सुगंधी तेलांच्या उपचाराला ‘अरोमाथेरपी’ हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रेने-मॉरिस गॅटफोसे यांनी दिले. त्यांचे पुस्तक १९३७ साली निघाले. लव्हेंडर निरुपयोगी नव्हे. अनेकांना त्याने स्वस्थता येते. अण्णा मात्र हुंगून म्हणाले, “साबण चांगला आहे.”

याचे कारण शरीररचनेतच सापडते. गंधाची संवेदना नाकातून मेंदूच्या भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांशी फार थेट जोडलेली असते. म्हणून ओळखीचा वास क्षणात जुने दिवस उभे करतो; अनोळखी वासाला उभे करायला तेथे काही नसते. शिवाय वयाबरोबर घ्राणशक्ती मंदावते. त्यावर उपाय म्हणून जास्त तेल ओतणे योग्य नाही. उग्र वासाने डोके धरते, दमेकऱ्याला धाप लागते.

आम्ही मग माळ्यावरची सहाण काढली. पूजेच्या अष्टद्रव्यांत जलानंतर चंदन येते, ते भवताप शमावा या भावनेने. पण गंध उगाळण्याचे काम घरात केव्हाच थांबले होते. आता सायंकाळी अण्णा स्वतःच खोड घेऊन बसतात. वर्तुळाकार फिरणारा हात, लाकडाचा ओला वास, सावकाश होत जाणारा श्वास. यांपैकी नेमके कशाने बरे वाटते, हे वेगळे काढण्याची मला गरज वाटत नाही.

व्यापारी घरांना एक सांगावेसे वाटते: बाटलीवर ‘चंदन’ लिहिले म्हणजे आत चंदन असतेच असे नाही. खरे चंदन महाग. स्वस्त कुपीत बहुधा कृत्रिम गंध असतो. कस्तुरी किंवा अंबर असलेले अत्तर आपल्या घरात चालायचे नाही, तेव्हा घटक विचारूनच घ्यावे. वनस्पतीचे तीव्र तेल थेट कातडीला लावू नये. चमचाभर खोबरेल तेलात एखादा थेंब पुरे. ते पोटात मुळीच घेऊ नये. अपस्माराचा त्रास असलेल्यांपासून कापूर दूर ठेवावा. चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

चंदनाशेजारी मी एका वाटीत नव्या हंगामाची दोन हळकुंडे ठेवली आहेत. अण्णा ती मोडून हुंगतात आणि माल कसा वाळला ते सांगतात. रात्री दोनला जाग अजून येते. पण आकडे पुटपुटणे थांबले आहे. तळहात नाकाशी धरून ते पडून राहतात.