सहस्राक्ष यंत्र

नोंदी ठेवणे हा आम्हा कारकुनांचा धर्म. आमचे काम आमच्याहून चोख करणारे यंत्र निघाले असे ऐकले, की कुतूहलाबरोबर थोडी धास्तीही वाटते. कोलकात्याला ही धास्ती नवी नाही. १९६० च्या दशकात आयुर्विम्याच्या कर्मचाऱ्यांनी संगणक बसू नये म्हणून येथल्या इलाको हाउसवर पहारा दिला होता.

याच शहरात त्यापूर्वी, १९४० च्या दशकात, मेघनाद साहांच्या पाठबळाने नीरजनाथ दासगुप्तांनी भारतातील पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभारला. महारोगाचे जंतू, काळा आजाराचे परोपजीवी त्यातून न्याहाळले गेले. त्या काळी प्रत्येक चित्रासाठी अंधाऱ्या खोलीत बसून माणसानेच जागा शोधायची, माणसानेच प्रतिमा स्पष्ट करायची.

आज प्रथिनांचे रेणू पाण्यासह क्षणार्धात गोठवून पाहतात. परंतु इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने रेणूच जळून जातो. म्हणून प्रतिमा स्पष्ट करण्याची खटपट शेजारच्या जागी करायची आणि खऱ्या जागेवर झोत एकदाच सोडायचा. हे रात्रभर न चुकता करणे माणसाच्या डोळ्यांना झेपेना, तेव्हा अमेरिकेत 'लेजिनॉन', 'सीरियल-ईएम' यांसारख्या संगणक-प्रणाली तयार झाल्या. जाळीचा नकाशा काढणे, बर्फ चांगला असलेली छिद्रे निवडणे, चित्रे घेऊन त्यांची नोंद ठेवणे हे सारे त्या करतात. माणूस झोपलेला असताना हजारो चित्रे जमा होतात. ही तर आदर्श कारकुनीच!

परंतु वाचकहो, यातले प्रत्येक चित्र अतिशय अंधुक असते. असंख्य प्रतिमा जुळवून सरासरी काढावी, तेव्हा कोठे रेणूचा आकार उमटतो. धोका आहे तो येथेच. ज्यांत काहीच नाही अशी केवळ ठिपक्यांची हजार चित्रे आइन्स्टाइनच्या छायाचित्राशी जुळवून एकत्र केली, तर त्यांतून आइन्स्टाइनच प्रकट होतो! २०१७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी रिचर्ड हेंडरसन यांनी २०१३ साली याच उदाहरणाने संशोधकांना सावध केले होते.

आम्हांला याचे नवल वाटले नाही. वरिष्ठांचा निर्णय आधीच ठरलेला असला, की दप्तरातील प्रत्येक कागद त्यालाच दुजोरा देऊ लागतो, हे कोणत्या कारकुनाने पाहिलेले नाही? कागद वाढले म्हणून सत्य वाढत नाही. यंत्राने आमची लाल फीत खुशाल न्यावी. आमची तक्रार नाही. मात्र मनाशी काही न ठरवता समोरचा कागद वाचणारा माणूस प्रयोगशाळेत लागेल आणि कचेरीतही लागेल. त्याची जागा रिकामी राहिली, तर ती भरून काढणारे यंत्र अजून कोणी केलेले नाही.