विंडरशच्या पाण्यात वाईची माणसं

इंग्लंडमध्ये स्विंडनला माझ्या दादाच्या घरी आत्या पहाटे पाचला उठली, तर बाहेर लख्ख उजाडलेलं. उशीर झाला असं वाटून तिनं काकूला आणि आईला हाका मारल्या आणि तिघींनी मिळून सात माणसांच्या दशम्या केल्या. शेंगांची चटणी वाईहून आलेलीच होती. साल २००६, जूनमधला शनिवार. दादाकाका, बाबा आणि आत्या ही तीन सख्खी भावंडं परदेशात एकत्र आली ती तेवढीच. आम्ही सगळे जमलो की गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी त्या शनिवारावर येतातच. आतेबहीण तर त्या दिवशी पुण्यात होती. पण आत्याकडून तिनं तो इतक्यांदा ऐकलाय की आमचं काही चुकलं तर दुरुस्त तीच करते.

आम्ही निघालो होतो कॉट्सवोल्ड बघायला. या टेकड्या ऑक्सफर्डच्या पश्चिमेला पसरल्या आहेत. तिथली बरीचशी गावं मधाच्या रंगाच्या चुनखडीच्या दगडाची. भिंतींना तोच दगड, छपरालाही त्याच्याच फरश्या. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. त्यांची सगळी हयात काळ्या कातळाशी झुंजण्यात गेली. त्यातल्या बायबरी गावात उतरल्याबरोबर ते एका भिंतीपाशी गेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा जवळजवळ दगडाला लावला. "अगं, हा तर रव्याच्या लाडवासारखा आहे," ते आईला म्हणाले. खरंच तसाच होता तो. खसखशीहून थोडे मोठे, गोल गोल कण एकमेकांना चिकटलेले. ज्युरासिक काळातल्या उथळ, कोमट समुद्रात बारीक कणांवर चुन्याचे थर चढत गेले आणि त्यांचा हा दगड झाला, हे आम्ही पुढे वाचलं. आईनं तिथेच बोट फिरवून पाहिलं. बोटाला पिवळी भुकटी लागली.

मग बाबांनी आम्हाला छपरं दाखवली. वळचणीला मोठाल्या फरश्या आणि वर आढ्याकडे जाताना त्या लहान लहान होत गेलेल्या. जड फरशीचं वजन भिंतीनं घ्यावं, वाशांवर येऊ नये, म्हणून. इतक्या वर्षांत बाबांचं काम मला कुणी असं हात धरून समजावलं नव्हतं. ते समजायला मला इंग्लंडला जावं लागलं याचं आजही वाईट वाटतं.

बायबरीतली आर्लिंग्टन रो म्हणजे उतारावर एकमेकांना खेटून उभी असलेली बुटकी घरं. साधारण १३८० मध्ये मठाची लोकर साठवायला ही इमारत बांधली आणि सतराव्या शतकात तिथे विणकरांची बिऱ्हाडं झाली. समोरच्या ओलसर कुरणात ते कापड वाळत घालत. काकूचं माहेर म्हसवड. माणदेशातली घोंगडी तिनं लहानपणापासून विणताना पाहिलेली. मेंढरं कशी धुतात, सुताला चिंचोक्याची खळ कशी लावतात, खळ नीट बसली नाही तर माग कसा अडतो, सगळं ती तिथल्या ओढ्याकाठी उभी राहून सांगत होती. एरवी चारचौघांत काकू फारशी बोलायची नाही. पुढे नॉर्थलीचच्या चर्चमध्ये लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या थडग्यांवर पितळी पत्र्यात कोरलेल्या आकृत्या आहेत. काहींचे पाय मेंढरावर टेकलेले, काहींचे लोकरीच्या पोत्यावर. काकू खाली वाकून बराच वेळ बघत राहिली. "ज्यानं पोसलं त्याला विसरले नाहीत," एवढंच म्हणाली.

जेवायला बोर्टनला थांबलो. गावाच्या मधून विंडरश नदी वाहते, घोट्याएवढी, तळ दिसावा इतकी नितळ, आणि तिच्यावर बुटके दगडी पूल. ऊन असं पडलं होतं की पाण्याखालचा एकेक गोटा मोजता यावा. आत्यानं डबा बाजूला ठेवला, चपला काढल्या, लुगडं जरा वर खोचलं आणि काठावर बसून पाय पाण्यात सोडले. मग दादाकाका बसले. मग बाबा. वयाच्या क्रमानं तिघं ओळीत, सहा पाय पाण्यात. पाणी थंडगार होतं, आत्यानं "अगंबाई!" म्हणत पाय वर घेतले आणि पुन्हा सोडले.

कृष्णेच्या गोष्टी निघाल्या. गणपती आळीचा घाट, ढोल्या गणपतीच्या देवळाची माशासारखी निमुळती पाठ, पुराचं पाणी त्या पाठीवर आपटून कसं दुभंगायचं ते. एकदा बाबा घसरून धारेला लागले होते आणि दादाकाकांनी त्यांना केसांना धरून ओढलं होतं, हे आईलाही तिथेच कळलं. आत्या बाबांना "बाळ्या" म्हणत होती. मी बाबांना कधी कुणाचा बाळ्या झालेलं पाहिलं नव्हतं. दशमी खाताना त्यांनी चटणीचा शेवटचा घास बहिणीसाठी ठेवला आणि तिनं तो अर्धा मोडून थोरल्या भावाच्या हातावर ठेवला.

स्टोला नुसता चहा घेतला, कारण दादाकाकांचा जीव डेल्सफर्डकडे लागला होता. अख्ख्या प्रवासात त्यांनी मागून घेतलेली ही एकच जागा. ते वाईला शाळेत इतिहास शिकवायचे. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात त्यांनी मुलांच्या किती तुकड्या नेल्या असतील! त्या नानांनी ज्याच्याशी टक्कर घेतली तो वॉरन हेस्टिंग्ज याच डेल्सफर्डचा. घराण्याची गेलेली ही जमीन परत मिळवायची, हे त्यानं पोरवयातच मनाशी धरलं होतं. १७८८ मध्ये ती त्यानं विकत घेतली. त्याच वर्षी लंडनला पार्लमेंटपुढे त्याच्यावरचा खटला सुरू झाला आणि तो सात वर्षं चालला.

लहानशा चर्चच्या आवारात गवतात त्याचं थडगं आहे. चौथऱ्यावर दगडी कलश, खाली नाव आणि साल. १८१८. बस.

दादाकाका ते साल वाचून थबकले. वडगावला इंग्रज नमले ते १७७९, सालबाईचा तह १७८२. हे सगळं तोपर्यंत ते भरभरून सांगत होते. आता गप्प झाले. १८१८ हा आकडा मराठी माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि ऑगस्टमध्ये हा म्हातारा इथे वारला. पेशवाई बुडवणारा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज दुसरा, नावात फसू नका, असं त्यांनी थोड्या वेळानं आम्हाला सांगितलं. पण त्यांचा आवाज खाली आला होता. "नानांच्या नावाचा असा एक दगड आपण नीट राखला असता तर," ते म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत.

आत्या पुढे झाली. चौथरा तुळशीवृंदावनासारखा दिसतोय म्हणाली आणि त्याच्या पायाशी साठलेला वाळका पाला हातानं सारून बाजूला केला. पदरानं हात पुसले. कुणी काही विचारलं नाही.

परत येताना एक शेतकरी बांधावरची पडलेली भिंत रचत होता. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड आणि वरची ओळ उभी लावलेली. "गडगा!" बाबा ओरडले आणि दादाला गाडी थांबवायला लावली. मधून मधून भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बसवलाय का, हे त्यांनी हातांच्या खुणांनी विचारलं. त्या माणसाला लगेच कळलं. त्यानं तसा दगड दाखवला, बाबांना एक बसवूही दिला आणि निघताना मुठीएवढा एक तुकडा त्यांच्या हातात ठेवला. साडेनऊपर्यंत उजेड होता. घरी पोचलो तेव्हाही बाबांनी तो हातातून सोडला नव्हता.

दादाकाका गेले, चार वर्षांनी आत्या गेली. तो तुकडा वाईच्या घरी दादाकाकांच्या 'मराठी रियासती'च्या खंडांवर असतो. गेल्या गणपतीत दादाच्या धाकटीनं तो उचलला आणि हा कसला म्हणून विचारलं. बाबांनी आधी तिला बोट दाखवायला सांगितलं. पिवळी भुकटी लागली होती.