एकाच कॉलेजचा अर्ज

2024 च्या दिवाळीत आमच्या घरी कापसाच्या वेचणीइतकीच चर्चा अमेरिकेतल्या कॉलेजांची चालली होती. मुलगी मुळशीच्या युडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेजात स्कॉलरशिपवर शिकत होती. शेवटचं वर्ष होतं आणि 'अर्ली डिसिजन'चा अर्ज कुठे करायचा, हे तिला ठरवायचं होतं.

यात कॉलेज एकच निवडायचं. नोव्हेंबरात अर्ज, डिसेंबरात निकाल. प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. तसा करारच असतो. त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचे समुपदेशक, तिघांच्या सह्या लागतात. बहुतेक ठिकाणी अशा अर्जाला प्रवेशाची शक्यता जास्त, म्हणून मुलं तिकडे वळतात. माझी धास्ती वेगळी होती. कोणतं कॉलेज किती मदत देतंय, हे ताडून बघायची सोयच यात उरत नाही, आणि आमचा तर सगळा भार त्या मदतीवर.

जाम चौकात, हैदराबादच्या महामार्गावरून चंद्रपूरचा रस्ता जिथे फुटतो तिथे, चहा घेताना लोक विचारत, "पोरगी हार्वर्डले चालली का?" लहान, मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवणारी कॉलेजंही अमेरिकेत नावाजलेली असतात, हे मलाही तिच्यामुळेच कळलं.

शेवटी तीन नावं उरली. सेंट पॉल शहरातलं मॅकॅलेस्टर; कोफी अन्नान तिथेच शिकले. आयोवातल्या मक्याच्या मुलखातलं ग्रिनेल, जिथे पहिल्या वर्षाचं एक ट्युटोरियल सोडलं तर बाकी विषय आपले आपण निवडायचे. आणि मेन राज्यातल्या बेटावरचं कॉलेज ऑफ द अटलांटिक. विद्यार्थी साडेतीनशेच्या आसपास, पदवी एकच, ह्यूमन इकॉलॉजीची. कॉलेजची स्वतःची शेतं आहेत. युडब्ल्यूसीच्या मुलांसाठी डेव्हिस स्कॉलर्स योजना 2000 साली सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या पाच कॉलेजांत हेही होतं.

माझा कल मॅकॅलेस्टरकडे. मोठं शहर, ओळखीचं नाव. ती म्हणाली, "बाबा, नाव पाहून सही कराची का? चार वर्षं तिथं मले राहाचं हाय." हाताने काम करत शिकायचं, हा विचार आमच्या वर्ध्याला 1937 च्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडला. त्याच नई तालीमचं नाव ती लहानपणापासून ऐकत आलेली. माती, पाणी, माणूस एकत्र शिकवणारं कॉलेज ऑफ द अटलांटिक तिला जवळचं वाटलं, यात नवल नव्हतं. मला ते पटायला मात्र दोन रात्री लागल्या.

खरी कसोटी आर्थिक मदतीच्या फॉर्मची. एका संध्याकाळी सातबारा, समुद्रपूर तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि पीककर्जाचं पासबुक घेऊन आम्ही बसलो. यंदाचं उत्पन्न किती, असा रकाना होता. कापूस अर्धा अजून झाडावर. लांब धाग्याचा हमीभाव 7521 रुपये क्विंटल, व्यापारी त्याच्या खाली मागत होता. काय आकडा लिहायचा? आम्ही हिशेब मांडला: एवढे एकर, एवढे क्विंटल, बियाणं, फवारणी, वेचणीची मजुरी. शेवटी तिने वेगळं टिपण जोडलं, की शेतकऱ्याचं उत्पन्न वर्षागणिक बदलतं आणि हा आकडा अंदाजाचा आहे. सातबाऱ्यावरची जमीन म्हणजे बँकेतला पैसा नव्हे, हेही तिने त्यात स्पष्ट लिहिलं. त्या टिपणाचा मला फार अभिमान वाटला.

मग मी सही केली. तिची आई म्हणाली, "मदत कमी आली तं?" मदत पुरेशी नसेल तर करारातून मोकळं होता येतं, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. तसंच तिघांनी ठरवलं: कमी पडली तर नम्रपणे नकार कळवायचा, वावर गहाण ठेवायचं नाही, आणि जानेवारीतल्या बाकीच्या अर्जांचे निबंध तिने आत्तापासूनच लिहायला घ्यायचे.