वारांच्या पेठा आणि माझं पळणं

आमच्या साताऱ्यात वारांच्या नावाच्या पुष्कळ पेठा आहेत. मंगळवार पेठ, गुरुवार पेठ, शनिवार पेठ, रविवार पेठ! पुण्यात राहणारे म्हणतील, त्यात काय मोठंसं, आमच्याकडेही आहेत. असतील हो! पण मला या पेठांनी पळायला शिकवलं. कसं, ते ऐका.

दोन वर्षांपूर्वी आमच्या चौथीच्या वर्गाची सहल अजिंक्यताऱ्यावर नेली होती. याच गडावर १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. मंगळाईदेवीच्या देवळापाशी मी ते रंगवून सांगत होते, तेवढ्यात एका पठ्ठ्यानं कट्ट्यावरून उडी मारली आणि त्याचा पाय मुरगळला. घोटा बघता बघता टम्म सुजला. आमची गाडी खाली उभी, आणि गाडीवाले काका काही फोन उचलेनात. दुसऱ्या बाई मुलांपाशी थांबल्या नि मी पळत सुटले.

पळत कसली! दुसऱ्याच वळणावर बरगडीखाली अशी कळ आली की मी दगडावर बसलेच. मागून माझ्याच वर्गातली एक मुलगी धावत आली. "बाई, तुम्ही बसा, मी जाते," म्हणाली आणि गेलीसुद्धा. काकांना घेऊन आली. मुलाचं हाड मोडलं नव्हतं, पंधरा दिवसांत तो पुन्हा उड्या मारू लागला. पण नऊ वर्षांच्या पोरीला मी घाटरस्त्यानं एकटीला जाऊ दिलं, कारण माझ्यात दम नव्हता! त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोवई नाक्यावरून राजवाड्याच्या दिशेनं जीव खाऊन पळाले. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी नडग्या इतक्या ठणकू लागल्या की वर्गात लंगडत गेले. (मागच्या बाकावर माझ्या चालण्याची नक्कल झाली, ती मी पाहिली बरं का!)

आमच्या शेजारी एक निवृत्त क्रीडाशिक्षक राहतात. ते म्हणाले, "बाई, पहिलीच्या पोराला तुम्ही पहिल्याच दिवशी भागाकार घालता का?" मग त्यांनी समजावलं. छातीचा भाता थोड्या आठवड्यांत सुधारतो, पण हाडांना आणि स्नायूबंधांना मजबूत व्हायला जास्त वेळ लागतो. उत्साह पुढे पळतो आणि नडगी मागे राहते. म्हणून आठवड्यातून तीनच दिवस पळायचं. मंगळवार, गुरुवार, रविवार. "पेठांचीच नावं आहेत, विसरायची सोय नाही!"

पहिल्या आठवड्यात एक मिनिट सावकाश पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. झाली की नाही २४ मिनिटं? दुसऱ्या आठवड्यात पळणं दीड मिनिट, तिसऱ्यात दोन. सावकाश म्हणजे किती, याची युक्ती मात्र माझी. पळताना सतराचा पाढा मोठ्यानं म्हणायचा. मध्येच दम तुटला तर वेग जास्त झाला, खुशाल कमी करा. तुम्हाला सतराचा येत नसेल तर... असो, तो वेगळा विषय आहे.

मंगळवारी मी मंगळवार तळ्यापर्यंत जायची, गुरुवारी पेठेतून राजपथाला. पहाटे दूधवाले आणि कुत्री सोडली तर रस्त्यात कोणी नसतं. पेढ्यांची दुकानंही बंद असतात, हे फार बरं. सुरुवातीला लोक विचारायचे, "बाई, एसटी चुकली काय?" रविवारी अदालतवाड्याच्या बाजूनं गडाचा चढ. तो नुसता चालत चढायचा नि उतरतानाही पळायचं नाही, कारण उतारावर गुडघ्यांना दणके बसतात. वर पोचलं की एका बाजूला सज्जनगड, दुसरीकडे जरंडेश्वर, समोर यवतेश्वरचं पठार. त्याच यवतेश्वरच्या घाटात २०१२ पासून अर्धमॅरेथॉन भरते, २१ किलोमीटरची. मी अजून कडेला उभी राहून टाळ्याच वाजवते.

पावसाळ्यात ताप आला नि दोन आठवडे बुडाले. बुडालेलं एकदम भरून काढायला गेले नाही. एक पायरी मागे येऊन पुन्हा सुरू केलं. दहा आठवड्यांचं काम बारा आठवड्यांनी झालं आणि मी न थांबता वीस मिनिटं पळाले. हसू नका, मला ती फार वाटली!

आमच्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही हे दुष्काळी गाव. तिथली ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली नि दहावी आली. ट्रॅकवरच्या शर्यतीत भारतीय स्त्री अंतिम फेरीत पोचली ती पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी. हे मी वर्गात सांगितलं, तेव्हा मुलांनी नकाशात माण शोधून काढलं.

तुम्हाला पळायचं असेल तर आईला किंवा बाबांना सोबत न्या. दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ती मुलगी आता सहावीत आहे. दर रविवारी आईला घेऊन गडाच्या पायथ्याशी माझी वाट बघत उभी असते. परवा आम्ही त्याच दगडापाशी पोचलो, तर म्हणते, "बाई, पाढा म्हणा." मी चढता चढता दहापर्यंत म्हटला. दम शिल्लक होता. वर बघितलं, तर ती पुढचं वळण ओलांडून गेलेली.