बायसनचा पाव वाटा

बायसन हा उत्तर अमेरिकेच्या गवताळ पठारांवरचा गोवंशीय प्राणी. तिकडे त्याला सर्रास ‘बफेलो’ म्हणतात, पण तो म्हैस नव्हे आणि सह्याद्रीतला गवाही नव्हे. गव्याला भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. अमेरिकी बायसन मात्र रँचवर पाळला जातो. एकोणिसाव्या शतकात कोट्यवधींनी असलेले हे कळप कातड्यांसाठी झालेल्या कत्तलीत 1880 च्या दशकाअखेर हजाराच्याही खाली आले आणि त्यावर जगणाऱ्या आदिवासी जमातींचे अन्नच तुटले. आज बाजारात येणारे मांस त्या उरल्यासुरल्या जनावरांच्या वंशाचे आहे. ते खाणाऱ्याने एवढे तरी ठाऊक करून घ्यावे.

डेन्व्हर शहरात राहणाऱ्या प्रस्तुत लेखिकेच्या घरी या मांसाचा शोध सुरू झाला तो कोलेस्टेरॉल वाढल्यावर. रविवारचा रस्सा सोडवत नव्हता आणि तो होत असे चरबीदार कोकराच्या मांसाचा. घरात गोमांस चालत नाही, त्यामुळे पहिला प्रश्न आरोग्याचा नव्हताच. गाय आणि बायसन यांचे कूळ एक, त्यांचा संकरही होतो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना न लपवता सांगितले गेले. सासूबाईंनी ताटात घेतले नाही. बाकीच्यांनी घेतले.

बायसन म्हणजे कमी चरबी, हा समज अर्धाच खरा आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या कोष्टकानुसार चरबी काढलेल्या कच्च्या मांसात 100 ग्रॅममागे दोन ग्रॅमही चरबी नसते. गवतावर वाढलेल्या जनावराच्या खिम्यात ती सुमारे 7 ग्रॅम असते, तर साध्या खिम्यात सुमारे 16. पाकिटावरचे चित्र तेच, चरबी दुपटीहून अधिक. कारण बरीच जनावरे शेवटचे काही महिने धान्यावर पोसली जातात. ‘संप्रेरकविरहित’ या शब्दाचाही निवडीला उपयोग नाही: बायसनला वाढीची संप्रेरके देण्यास अमेरिकेत मुळातच परवानगी नाही. जनावराने अखेरीस काय खाल्ले, हे खात्रीने सांगू शकतो तो पाळणारा. जवळचा विक्रेता शोधायचा तो यासाठी.

लेखिकेला तो शनिवारच्या शेतकरी बाजारात भेटला, आणि पुढच्याच महिन्यात कुरणही पाहता आले. विचारायचे प्रश्न थोडे असतात: शेवटपर्यंत गवतच का, कापताना वय किती, आणि कत्तलखान्यात तपासणी होते का. शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारावा, कारण बायसनसाठी कृषी खात्याची तपासणी ऐच्छिक असते आणि तिचे शुल्क उत्पादक भरतो. तपासलेल्या मांसावर त्रिकोणी शिक्का असतो.

गावाकडे बोकड कापून वाटे घालतात, तशीच इथेही पद्धत आहे. पूर्ण, अर्धे किंवा पाव जनावर आधी नोंदवून ठेवता येते. भाव टांगलेल्या धडाच्या वजनावर ठरतो. हाडे आणि छाट गेल्यावर घरी येणारे मांस बरेच कमी भरते, हा हिशेब आधीच करावा. कापणी-बांधणीचे पैसे अनेकदा वेगळे असतात. लेखिकेच्या पाव वाट्यात निम्म्याच्या आसपास खिमाच निघाला, आणि सगळे ठेवायला तळघरात स्वतंत्र डीप फ्रीझर घ्यावा लागला.

पहिला खिमा फसला. कोकराचा खिमा स्वतःच्या चरबीत परततो. हा तळाला लागला आणि दाणेदार, कोरडा झाला. नंतर कांदा-खोबऱ्याचे वाटण तेलात आधी पूर्ण परतून, आच मंद ठेवून, झाकणावर पाणी घालून केला तेव्हा जमला. खिमा आतून 71 अंश सेल्सिअसपर्यंत शिजलाच पाहिजे. मांस मुळातच गडद असल्याने रंगावरून अंदाज धरू नये, तापमापी वापरावी. खांद्याचे तुकडे मात्र कुकरपेक्षा जाड बुडाच्या पातेल्यात दोन-तीन तास ठेवले की मऊ होतात आणि रस्सा दाट येतो.

तरीही हे लाल मांसच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये लाल मांसाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले, त्यातून बायसनला सूट नाही. म्हणून या घरात ते आठवड्यातून एकदाच, रविवारी शिजते. एरवी उसळी आणि मासे असतात. त्या बेताने तो पाव वाटा चौघांना नऊ महिने पुरला.